बरोबरीत सुटली

भूपालअण्णा चौगुल्यांना पुन्हा वाचा फुटली तेव्हा मिरजेतली त्यांची अख्खी गल्ली हातातली कामं टाकून दारात जमली होती. जमणारच. अण्णांनी उभं आयुष्य कुस्तीच्या मैदानांचं निवेदन करण्यात घालवलं होतं. सांगली, कोल्हापूर, थेट बेळगावपर्यंत कुठेही आखाडा असो, माइक अण्णांच्या हातात. त्या आवाजावर वाढलेले लोक वर्षभर अण्णांच्या तोंडून 'हे... हे... ते...' एवढंच ऐकत आले होते. आणि आता त्यांच्या गळ्यातल्या काळ्या पट्टीतून तोच जुना, भरदार आवाज येत होता.

"मंडळी, उप्पीट मैदानात उतरलेलं आहे, पण मिठाचा पत्ता नाही. मीठ असेल तिथून त्यानं ताबडतोब आखाड्याकडे यावं."

लोक पोट धरून हसले. अण्णाही हसले. त्यांची मुलगी त्रिशला मिठाची वाटी घेऊन आली, ती सुद्धा हसत होती. वर्षभरात पहिल्यांदाच ती इतकं हसली असेल.

मग अण्णांची नजर दारामागच्या खुंटीवर गेली. खुंटी रिकामी होती. अण्णांच्या कपाळावर आठी पडली, हात डोक्याकडे गेला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पट्टीवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि आवाज आला, "कुस्ती बरोबरीत सुटली, पोरी. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही."

"बापाचं मन बघ केवढं मोठं," शेजारच्या आक्का पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "एवढं होऊन पण लेकीला शब्दानं बोलले न्हाईत."

त्रिशलाने मिठाची वाटी ठेवली आणि ती आत निघून गेली. लोकांना वाटलं, पोरीला भरून आलं.

भरून वगैरे काही आलं नव्हतं. ते वाक्य अण्णांचं नव्हतं, हे या जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक ती स्वतः. दुसरे अण्णा, आणि त्यांना ते सांगता येत नव्हतं.

ही पट्टी काय चीज होती, ते आता सांगायला हवं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की पुष्कळदा अर्थ शाबूत राहतो, पण अर्थापासून शब्दापर्यंतची वाट खचते. माणसाला पाणी हवं असतं, पाणी म्हणजे काय ते त्याला पक्कं ठाऊक असतं, पण तोंडातून 'तांब्या' येतं, नाहीतर 'नदी', नाहीतर नुसतीच वाफ. जो शेजारचा शब्द हाताला लागेल तो. डॉक्टरांनी अण्णांच्या कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर नखाएवढी मऊ जाळी बसवली होती. मनात अर्थ जुळू लागला की पेशींमध्ये विजेच्या बारीक लाटा उठतात. जाळी त्या टिपायची आणि पट्टीकडे पाठवायची. पण लाटा मोघम असतात. एकाच लाटेतून दहा वाक्यं निघू शकतात. त्यांतलं नेमकं कुठलं, हे पट्टी ठरवायची ती माणूस पूर्वी कसा बोलायचा त्यावरून. अण्णांच्या निवेदनाची रेकॉर्डिंग लोकांनी ढिगाने जपून ठेवली होती. त्रिशलाने ती सगळी पट्टीला चारली. म्हणून दुसऱ्यांच्या पट्ट्या अडखळत बोलायच्या आणि अण्णांची पट्टी घडाघडा बोलायची.

यात एकच मेख होती. सुरुवातीचे काही महिने पट्टीला शिकवावं लागतं. अशा दुखण्यात माणसाचं 'हो' आणि 'नाही' सुद्धा उलटंपालटं होतं, वाचताही धड येत नाही, त्यामुळे पेशंटला विचारून भागत नाही. पट्टी तिला सुचलेली दोन-तीन वाक्यं टॅबवर दाखवते, आणि रोजच्या सहवासातलं माणूस त्यातल्या बरोबर वाक्यावर बोट ठेवतं. पुढच्या वेळी तशीच लाट उठली की पट्टी तेच वाक्य बोलते. हे काम त्रिशलाचं होतं. कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी बाई. यंत्राला अंदाज कसे शिकवतात ते तिला बरोबर समजलं होतं. म्हणून तर 'मला काय माहीत होतं' ही पळवाट तिला मोकळी नव्हती.

अपघात झाला त्या सकाळी दोघं एका लग्नाला निघाले होते. त्रिशलाला उशीर झाला होता आणि उशीर झाला की ती खेकसायची. अण्णांनी खुंटीवरचं हेल्मेट काढलं आणि ते त्याचा बंद शोधत बसले. "राहू दे की अण्णा आता," ती स्कूटरवरून ओरडली. "चार गल्ल्यांवर तर जायचंय. फेटा बांधणारायत तिथं, हेल्मेट कशाला? ठेवा ते." अण्णांनी हेल्मेट कट्ट्यावर ठेवलं आणि निमूटपणे मागे बसले. नाक्यावर उसाची बिनड्रायव्हरची ट्रॉली पुढे चालली होती. कुत्रं आडवं आलं तशी ती जागच्या जागी थबकली. त्रिशलाने करकचून ब्रेक दाबला. तिचा फक्त कोपर खरचटला.

डॉक्टर म्हणाले होते की अपघाताच्या आधीचा काही काळ अण्णांना कधीच आठवणार नाही, बहुधा. त्यातला 'बहुधा' त्रिशलाने ऐकला नाही. घरी आल्यावर तिने ते हेल्मेट माळ्यावर टाकलं आणि त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

अण्णा मात्र खुंटीकडे बघून 'पातेलं, पातेलं' म्हणायला लागले. ती पातेलं आणून दाखवायची. हे नाही. मग दुसरं आणायची, मोठं. हे पण नाही. अण्णा चिडायचे, हाताने पातेलं उडवून लावायचे. तिला खरंच समजत नव्हतं की ती समजून घेत नव्हती, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग पट्टी आली. दुसऱ्याच आठवड्यात एका दुपारी अण्णा खुंटीसमोर उभे राहिले आणि टॅबवर दोन वाक्यं उमटली. वरचं होतं, 'हेल्मेट का घालू दिलं नाहीस?' खालचं, 'कुस्ती बरोबरीत सुटली, पोरी. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही.' 'पोरी' एवढं सोडलं, तर मैदानात कुस्ती बरोबरीत सोडवली की अण्णा हेच बोलायचे. रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य ठायी ठायी होतं, म्हणून पट्टीला ते सुचलं.

त्रिशलाने अण्णांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते, वाट बघत होते. तिने खालच्या वाक्यावर बोट ठेवलं.

अण्णांच्या गळ्यातून त्यांच्याच आवाजात माफी बाहेर पडली. अण्णा दचकले. त्यांनी मान जोरजोरात हलवली, तोंड उघडलं. पुन्हा तीच लाट उठली आणि पट्टी पुन्हा तेच बोलली. तेव्हापासून हे असंच चाललं होतं. अण्णा जितक्या वेळा तिला जाब विचारायला जात, तितक्या वेळा पट्टी तिला माफ करून टाकायची. त्यात जीव जाळणारी गोष्ट म्हणजे बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचा अण्णांना मनस्वी तिटकारा होता. पंचांनी कुस्ती सोडवली की माइकवर ते वाक्य बोलायचे, धंदाच होता तो, पण घरी येऊन जेवत नसत. "ही काय कुस्ती झाली? निकाल लावायला पायजे," म्हणत येरझाऱ्या घालायचे. तोंडातून शंभरदा गेलेलं सगळंच मनातलं असतं, असं नाही. हे पट्टीला समजायला मार्ग नव्हता. त्रिशला तर लहानपणापासून त्या येरझाऱ्या बघत आली होती.

शनिवारी सकाळी पट्टीच्या इंजिनिअर बाईंचा फोन आला.

"सोमवारी या मॅडम. आता पट्टीचं शिक्षण पक्कं करून टाकू. मेंदू पण बदलत असतो आणि पट्टी पण बदलत राहिली, तर दोघं एकमेकांच्या मागं पळत बसतात. एकदा गोठवलं की स्थिर होतं."

"मग नंतर काही बदलायचं असेल तर?"

"नंतर नाही होणार. आत्ता काही चुकलंय का? सांगा, दुरुस्त करते."

त्रिशलाने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. 'एक वाक्य चुकलंय' एवढं म्हटलं की झालं असतं. पण ते वाक्य गेलं की वरचं वाक्य येणार. गल्लीच्या देखत, आक्कांच्या देखत, जेवताना, दिवेलागणीला, अण्णांच्या त्या भरदार आवाजात. खोटी का असेना, माफी तर होती. आणि कधी कधी, ती फार थकलेली असली की, ती तिला खरी सुद्धा वाटायची.

"नाही," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे." आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तर अण्णा कोट-टोपी घालून दारात उभे. पट्टी म्हणाली, "मंडळी, आजचं मैदान चुकवून चालणार नाही."

कुठलं मैदान, ते तिला कळलं. थांबा मंडळ. मेंदूला इजा झालेली माणसं आणि त्यांच्या घरचे दर रविवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचे. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण तिथे एकच नियम होता आणि त्यावरून हे नाव पडलं होतं. शब्द शोधणाऱ्याने टेबलावर तळहात ठेवायचा. तो हात उचलेपर्यंत कुणी शब्द पुरवायचा नाही. घरच्यांनी तर मुळीच नाही. नुसतं थांबायचं. यंत्रंबिंत्रं दाराशी ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात काढून ठेवायची. पट्टी आल्यापासून त्रिशलाने अण्णांना तिथे नेलं नव्हतं. 'आता त्यांना गरज नाही,' असं ती सांगायची.

"पुढच्या रविवारी जाऊ की अण्णा," ती म्हणाली. अण्णा तोवर पायरी उतरले होते.

मंडळ चालवायच्या मुजावर बाई. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. मेंदूतल्या गाठीने त्यांच्या जगाची डावी बाजूच पुसून टाकली होती. ताटातली डावीकडची भाजी त्यांना दिसायची नाही, आणि निम्मा नकाशा गेला तरी उरलेल्या निम्म्यात पुष्कळ जग आहे, असं त्या हसून सांगायच्या. अण्णांना बघून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"या अण्णा. कधीची वाट बघतोय. डबा तिथं आहे."

अण्णांनी स्वतःच पट्टी सोडवली आणि डब्यात टाकली. टण्णकन आवाज झाला. त्रिशलाला वाटलं, तो डबा उचलावा आणि पट्टी पुन्हा त्यांच्या गळ्यात बांधावी.

आधी यल्लाप्पा नाईक बोलला. ट्रकचा ड्रायव्हर. गाडी उलटली तेव्हापासून त्याला एकही नाव आठवत नसे, बायकोला सुद्धा 'ती आपली' म्हणायचा. आज त्याने तळहात ठेवला आणि डोळे मिटून बसून राहिला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याची बायको शेजारी बसून पदराचं टोक पिळत होती. नाव तिचं स्वतःचं होतं, तिच्या ओठांवर होतं, पण ती बोलली नाही.

"म... महादेवी," यल्लाप्पा म्हणाला आणि त्याने हात उचलला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी तिथे पद्धत नव्हती. महादेवी मात्र तोंडावर पदर घेऊन रडली. "रोज मीच सांगत हुते हो माझं नाव," ती म्हणाली. "मी सांगितल्यालं आणि ह्यांनी हुडकल्यालं, लई फरक हाय."

मग अण्णांनी तळहात टेबलावर ठेवला.

पट्टीशिवाय ते खूप म्हातारे दिसत होते. नजर त्रिशलावर होती. "पातेलं," ते म्हणाले.

यल्लाप्पाच्या ओठांवर हसू आलं आणि विरलं. अण्णांनी मान हलवली. हे नव्हे. डावा हात डोक्याकडे गेला, डोक्याभोवती गोल फिरला, हनुवटीखाली येऊन बंद लावल्यासारखा थांबला. "पातेलं. तू... तू..."

वर्गातल्या सगळ्यांना समजलं असावं. इथली अर्धी माणसं रस्त्यावर पडूनच इथे आली होती. पण हात टेबलावर होता. कुणी हललं नाही.

त्रिशलाच्या घशात तो शब्द येऊन बसला होता. हेल्मेट. वाटत होतं, आपणच म्हणून टाकावं, मोकळं व्हावं. मीच म्हणाले ठेवा, अण्णा, माझंच चुकलं, मला माफ करा, असं सगळं एका दमात, रडून. म्हणजे अण्णा काही बोलायच्या आधीच ते संपलं असतं. तिने तोंड उघडलं.

"त्रिशला," मुजावर बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांचा हात खाली आहे अजून."

तिने तोंड मिटलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आता सुद्धा आपण तेच करणार होतो. अण्णांच्या तोंडचं काढून घेऊन स्वतःला हवं ते बोलणार होतो. ती तशीच बसून राहिली, तिला त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं तरी बघत राहिली.

"घालू," अण्णा म्हणाले. बराच वेळ गेला. कपाळावर घाम आला. "घालू... दिलं... नाहीस."

मग ते थांबले. हात अजून टेबलावर होता. बोटं लाकडावर घट्ट रुतली होती.

"बरोबरीत," ते म्हणाले आणि मान जोरात हलवली. "बरोबरीत... नाही. नाही. नि... नि..." जबडा आवळला. हा शब्द पट्टीने कधीच उच्चारला नव्हता. "निकाली."

आणि त्यांनी हात उचलला.

आता त्रिशलाला बोलायची मुभा होती. मनात रचून ठेवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

"होय अण्णा," ती म्हणाली. "नाही घालू दिलं."

अण्णांनी एक लांब श्वास सोडला. त्यांचा चेहरा काही निवळला नाही. उलट रागाने लाल झाला, डोळे भरले, आणि परत जाताना ते रिक्षात तिच्याकडे पाठ करून बसले. त्या लाल चेहऱ्यात तिला किती दिवसांनी तिचे वडील दिसले. माफ करणारा तो गळ्यातला आवाज ऐकून तिला इतके दिवस पोरकं का वाटत होतं, ते तिला तेव्हा उमगलं.

सोमवारी इंजिनिअर बाईंनी टॅब पुढे ओढला. "करू ना पक्कं?"

"एक वाक्य काढायचंय," त्रिशला म्हणाली. "मी मुद्दाम चुकीचं शिकवलं होतं. 'कुस्ती बरोबरीत सुटली.' ते काढा."

इंजिनिअर बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि टॅबवर बोट फिरवलं. "काढलं. त्या जागी काय घालू? हे वरचं दिसतंय, हेल्मेटचं. हे बरोबर होतं?"

"होतं. पण ते पण नको. तिथं काहीच घालू नका."

"म्हणजे तेवढ्यापुरती पट्टी गप्प राहील. त्यांना ते दर वेळी स्वतः शोधावं लागेल, मॅडम. त्रास होईल. आणि एकदा गोठवलं की नंतर घालता येणार नाही." त्या अण्णांकडे वळल्या. "अण्णा, चालेल का तुम्हाला?"

अण्णांनी पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. शेजारी तळहात ठेवला. इंजिनिअर बाई थोडा वेळ थांबल्या, मग त्यांना राहवलं नाही. "म्हणजे नको म्हणताय का? की..."

"थांबा," त्रिशला म्हणाली.

त्या थांबल्या. खिडकीबाहेर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. अण्णांचे ओठ हलत होते, मिटत होते. काय येणार आहे, ते त्रिशलाला ठाऊक नव्हतं. शिवी येईल, आईचं नाव येईल, की नुसतं पातेलं. जे येईल ते ऐकायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

"चालू," अण्णा म्हणाले. "चालू... ठेवा."

"पट्टी चालू ठेवू?" इंजिनिअर बाईंनी विचारलं.

अण्णांनी मान हलवली. पट्टी नव्हे. ते खुर्चीत त्रिशलाकडे वळले आणि झुंजीच्या आधी पैलवान सलामीला पुढे करतो तसा त्यांनी हात पुढे केला.

"कुस्ती," ते म्हणाले.

तिने हात दिला. अण्णांनी तो पकडला आणि आवळला, चांगला आवळला, बोटांना कळ लागेपर्यंत. तिने तो सोडवून घेतला नाही.